केबलवरचा अर्धा तास

ऑक्टोबर आला की आमच्या रस्त्याच्या फुटपाथवर एक डबकं साचतं. रुंदीला हातभर आणि लांबीला जवळजवळ अख्खा रस्ता. पिवळी पानं त्यात पडतात, कुजतात, आणि शाळेला निघालेली पोरं मुद्दाम त्यातून फचाक फचाक करत जातात. नव्यानं राहायला आलेल्यांना वाटतं, पाईप फुटला असेल. तसं काही नाही. तीसेक वर्षांपूर्वी कौन्सिलनं एका केबल कंपनीला हा फुटपाथ उकरू दिला. कंपनीनं चर खणला, झाडांची मुळं तोडली, नळ्या टाकल्या, वर डांबर ओतलं आणि पुढच्या रस्त्याला लागली. डांबर खचलं. ती कंपनी आता राहिली नाही, त्या नळ्यांचं काय झालं कुणाला माहीत नाही. डबकं मात्र दर वर्षी वेळेवर येतं.

यंदा डबक्याबरोबर इमोजेन आली. इमोजेन म्हणजे आमच्या शहराच्या लायब्ररीतली एक तरतरीत मुलगी, मोहरीच्या रंगाची लोकरी टोपी घातलेली. लायब्ररीत 'शहराचं कम्युनिटी टेलिव्हिजन' या विषयावर प्रदर्शन भरणार होतं आणि जुन्या कागदांत तिला माझं नाव सापडलं होतं. "वुई वॉन्ट टु सेलिब्रेट दॅट हिस्टरी," ती म्हणाली. माझा चहा संपायच्या आत तिनं 'सेलिब्रेट' हा शब्द सहा वेळा वापरला.

मी म्हटलं, "हिस्टरी आहे. सेलिब्रेट करायला काय आहे, ते मात्र शोधावं लागेल."

ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

आमचं शहर लहान. ब्रिस्टलहून ट्रेननं पाऊण तास. कथीड्रल आहे म्हणून शहर म्हणायचं, नाहीतर मोठं गावच. केबल कंपनी इथं आली ती घरोघरी चाळीस चॅनेल विकायला. पण रस्ते खणायची परवानगी मिळवायची तर कौन्सिलला काहीतरी गोड दाखवायला हवं, म्हणून कंपनीनं कबूल केलं की एक चॅनेल 'कम्युनिटी'साठी ठेवू. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला आणि तेव्हापासून मला त्याची शिसारी आहे. कम्युनिटी म्हणजे कोण? मेयर नव्हे, डॉक्टर नव्हे, कंपनीचे डायरेक्टर तर नव्हेच. कम्युनिटी म्हणजे आम्ही: मराठी, गुजराती, जमैकन, पोलिश म्हातारे, आणि कबुतरं पाळणाऱ्यांचा क्लब.

स्टुडिओ म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कार्पेटच्या दुकानामागची खोली. सगळीकडे नव्या कार्पेटचा रबरी, घशाला चिकटणारा वास. भिंतीला निळा पडदा, दोन कॅमेरे, प्लास्टिकचं एक झाड. उद्घाटनाला मेयर गळ्यात साखळी घालून आले, रिबन कापली, आणि सॅंडविच संपल्यावर गेले. चॅनेलचा मॅनेजर क्लाइव्ह. पोनीटेल, रंगीत वेस्टकोट आणि डोळ्यांत कायम ओलावा. तो म्हणाला, "हे तुमचं चॅनेल आहे." त्याच दमात त्यानं आम्हाला काय काय करायचं नाही याची दोन पानी यादी दिली.

मराठी मंडळाला गुरुवारी संध्याकाळी साडेपाचचा अर्धा तास मिळाला. मंडळ म्हणजे अकरा घरं. अध्यक्ष भालेराव, पेशानं डेंटिस्ट. आयुष्यभर उघड्या तोंडांसमोर बोलल्यामुळे समोरचा काही उत्तर देईल ही शक्यताच त्यांना माहीत नव्हती. केबलची बातमी आली तेव्हा त्यांनी नवा सूट शिवला. कॅमेरा चालवायचं ट्रेनिंग होतं तेव्हा मात्र कुणी फिरकलं नाही. मी गेले. बिल्डिंग सोसायटीच्या, म्हणजे घरकर्ज देणाऱ्या बँकेच्या, काउंटरवर दिवसभर काचेमागे बसून लोकांची पासबुकं भरायचा मला वीट आला होता. "जा की," माझा नवरा सुहास म्हणाला, "निदान काचेच्या दुसऱ्या बाजूला बसशील." व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि मला ते काम मनापासून आवडलं, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे केलं ते त्या आवडीपायीच केलं.

पहिले चार गुरुवार भालेराव बोलले. विषय: आपली संस्कृती. पाचव्या गुरुवारी मुलांचा कार्यक्रम झाला. नेहरू शर्ट घातलेला एक मुलगा "माझा आई मला रोज गोष्ट सांगतो" असं ठणकावून म्हणाला आणि त्याची आई डोळे पुसत टाळ्या वाजवत राहिली. आमचा कार्यक्रम आमच्याखेरीज कुणी बघत नव्हतं, आणि आम्हीही आपापला भाग झाला की चॅनेल बदलत होतो. तरी मंडळात आम्ही एकमेकांना 'काल फार छान झालं' असं न चुकता सांगायचो.

मग कुसुमकाकू आल्या. प्रशांत देशमुख आमच्या मंडळातला, एरोस्पेस कंपनीत इंजिनियर. त्याची ही आई. नवरा गेल्यावर प्रशांतनं नगरहून त्यांना कायमचं इकडे आणलं होतं. नऊवारी नाही, साधी पाचवारी, वर प्रशांतचा जुना अनोरॅक, म्हणजे टोपीवालं पावसाळी जाकीट, पायात मोजे आणि पुरुषी बूट. चौतीस वर्षं त्या एस.टी. स्टँडवर नोकरीला होत्या. आधी चौकशी खिडकीत, मग माईकवर. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे" म्हणणारा जो आवाज असतो, तो त्यांचा होता. घरात मुलगा-सून दिवसभर कामावर. काकूंना इंग्रजी फारसं येत नव्हतं. पण कौन्सिलनं त्यांना पासष्टीच्या वरच्यांचा बसपास दिला आणि त्या शहरभर हिंडायला लागल्या. कुठली बस कुठून सुटते, कुठे वळते, कुठे सात मिनिटं उगाच उभी राहते, हे महिन्याभरात त्यांना तोंडपाठ झालं.

एका गुरुवारी भालेरावांची दाढ दुखत होती. (त्यांचीच.) अर्धा तास रिकामा जाणार म्हणून मी काकूंना विचारलं. त्या कॅमेऱ्यासमोर बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे." पुढची पंचवीस मिनिटं त्यांनी कागदाशिवाय आमच्या शहरातल्या बसेसची मराठीतून माहिती दिली. कुठल्या शेल्टरचं छप्पर गळतं, कुठल्या स्टॉपवर टाइमटेबल उलटं लावलंय, कुठल्या ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हटलं की तो हात हलवतो. बोलण्यात एक 'ऊं' नाही की 'म्हणजे' नाही. क्लाइव्हला भाषा कळत नव्हती, तरी तो पहिल्यांदाच खुर्चीत नीट बसला.

त्यांच्या कार्यक्रमाच्या तिसऱ्या आठवड्यात काकू मला म्हणाल्या, "शुभा, चौदा नंबर मला बघून थांबत नाही."

"तुम्ही हात करत नसाल, काकू. इथं हात करावा लागतो."

"चौतीस वर्षं एस.टी.त काढली. मला हात करायला शिकवू नकोस. कॅमेरा घेऊन ये."

मी शनिवारी सकाळी गेले. काकू म्हणाल्या, "तू गाडीतच बस. कॅमेरा दिसला तर थांबेल." चर्चसमोरच्या स्टॉपच्या पलीकडे मी गाडी लावली आणि काच खाली करून शूट केलं. पहिल्यांदा काकू एकट्या, हात खांद्याच्या वर. चौदा नंबर आली आणि तशीच निघून गेली. चाकांखालची ओली पानं त्यांच्या मोज्यांवर उडाली. वीस मिनिटांनी प्रॅम घेतलेली एक गोरी मुलगी स्टॉपवर आली. काकू बाजूला सरकल्या. त्या मुलीनं धड हातही वर केला नव्हता, बस थांबली. पुढची बस काकूंनी परत एकट्यानं घेतली. म्हणजे, घेऊ पाहिली. तीही गेली. ड्रायव्हर तोच नव्हता, हे काकूंनी मला नंतर सांगितलं. मी फक्त बस बघत होते, काकू ड्रायव्हरही बघत होत्या.

गुरुवारी त्यांनी ती टेप दाखवली आणि शांतपणे, घोषणा करतात तशा आवाजात, काय घडलं ते सांगितलं. साडी नेसलेल्या, डोक्यावरून ओढणी घेतलेल्या आणि काळ्या बायकांना बघून चौदा नंबरचे काही ड्रायव्हर गाडी थांबवत नाहीत. तारीख, वेळ, गाडीचा नंबर.

आता माझं सांगते. प्रत्येक कार्यक्रमाचा एक फॉर्म भरावा लागे. कार्यक्रमाचं नाव, भाषा आणि तीन ओळींत इंग्रजीतून मजकूर. खाली एक चौकोन: वादग्रस्त काही आहे का? 'हो'वर खूण केली की टेप हेड ऑफिसला जायची आणि महिनाभर परत यायची नाही, कदाचित कधीच नाही. तो फॉर्म मी भरायची. मी 'नाही'वर खूण केली आणि लिहिलं: एक ज्येष्ठ महिला आपल्या बसप्रवासाच्या सुखद आठवणी सांगतात.

कार्यक्रम लागावा म्हणून मी असं लिहिलं, असं मी सुहासला सांगितलं. त्यानं ते मानलं. पण मला माहीत होतं की माझ्या डोक्यात आधी आला तो माझा कॅमेरा. अर्धा तास गेला असता तर शेवटी वर सरकणारं माझं नावही गेलं असतं.

कार्यक्रम लागला. मराठी घरांतून एकही फोन आला नाही. पण शुक्रवारी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या हंसाबेननी स्टुडिओत फोन करून सांगितलं की त्या बाई बोलतात ते खरं आहे. आणि सोमवारी ग्लोरिया नावाची एक जमैकन बाई, हॉस्पिटलात साफसफाई करणारी, युनिफॉर्मवरच कार्पेटच्या दुकानामागे येऊन उभी राहिली. क्लाइव्हला म्हणाली, "ती बाई काय बोलली ते मला कळलं नाही. पण ती बस मला माहीत आहे."

क्लाइव्हनं मला बोलावून घेतलं. माझा फॉर्म त्याच्या हातात होता. "शुभा, सुखद आठवणी?" बसच्या पाठीवर केबलच्या जाहिराती लावायचं कंपनीचं तेव्हा बोलणं चालू होतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी त्यानं फक्त 'कम्युनिटीमधला सलोखा' वगैरे सांगितलं आणि ओल्या डोळ्यांनी म्हणाला, की पुढच्या गुरुवारी दिलगिरी आली नाही तर अर्धा तास कबुतरवाल्यांना जाईल.

भालेरावांच्या घरी मीटिंग झाली. पांढऱ्या सोफ्यावर, बूट बाहेर काढून. भालेराव म्हणाले, "काकू, आपण या देशात पाहुणे आहोत."

काकूंनी विचारलं, "पाहुण्यांकडून कौन्सिल टॅक्स घेतात का हो?"

 प्रशांत आपल्या मोज्यांकडे बघत होता. सरोजताई भालेराव चिवडा घेऊन आल्या आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून तो खाल्ला. त्या खोलीतल्या निम्म्या बायका बसनं कामाला जात होत्या. त्यांच्यातली एकही बोलली नाही. मी तर बोलायचा प्रश्नच नव्हता. मी गाडीनं जायचे.

दिलगिरी भालेरावांनीच इंग्रजीत लिहिली. काकू स्टुडिओत आल्या, खुर्चीत बसल्या, मी त्यांच्या पदराला माईक लावला. "यात काय लिहिलंय ते मराठीत सांग," त्या म्हणाल्या. मी सांगितलं. 'माझ्याकडून झालेल्या गैरसमजाबद्दल' इथवर आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"गैरसमज कुणाचा? ड्रायव्हरचा की माझा?"

भालेराव म्हणाले, "काकू, तो फक्त एक शब्द आहे."

"भालेराव, चौतीस वर्षं मी माईकवर होते. गाडी रद्द झाली तर लोक शिव्या घालायचे, दगड मारायचे. तरी न आलेली गाडी आली म्हणून मी कधी सांगितलं नाही." त्यांनी पदराचा माईक काढला, त्याची वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली आणि अनोरॅक चढवून चालत्या झाल्या.

भालेरावांनी टाय सारखा केला आणि ते काकूंच्या खुर्चीत जाऊन बसले. मंडळाच्या वतीनं त्यांनी बस कंपनीची, कौन्सिलची आणि सन्माननीय प्रेक्षकांची क्षमा मागितली. मी शूट केलं. त्यांच्या कपाळावर दिव्याची तिरीप येत होती म्हणून दिवा जरा सरकवला. फोकस उत्तम होता.

अर्धा तास वाचला. त्यानंतर भालेराव नाताळपर्यंत आहारशास्त्रावर बोलले. पुढे त्या केबल कंपनीला दुसऱ्या मोठ्या कंपनीनं विकत घेतलं, मोठ्या कंपनीला कम्युनिटीशी काही देणंघेणं नव्हतं, आणि वर्षाच्या आत कार्पेटवाल्यानं ती खोली गोडाऊन केली. टेप कचऱ्यात गेल्या. काकूंची टेपही. फॉर्मचं खोकं तेवढं कुणीतरी लायब्ररीला दिलं. कागद टिकतात, विशेषतः खोटे.

हे मला कसं कळलं? इमोजेननं तिसऱ्या भेटीत प्रदर्शनातल्या फलकाचा नमुना दाखवला. वर मोठ्या अक्षरांत 'आपला आवाज', आणि खाली माझ्या अक्षरातल्या फॉर्मचा फोटो. शेजारी लिहिलं होतं की या चॅनेलमुळे स्थलांतरित महिलांना आपल्या सुखद आठवणी सांगायला व्यासपीठ मिळालं.

मी तिला सगळं सांगितलं. ती फार गंभीर झाली, मग फार उत्साहित. "हे तर आणखी रिच आहे," म्हणाली. मी म्हटलं, मग तसंच लिही: ड्रायव्हर थांबवत नव्हते, एका बाईनं ते सांगितलं, मंडळानं माफी मागितली आणि इंग्रजीत फॉर्म भरणारी खोटं बोलली. आठवड्यानं नवा मजकूर आला: 'काही प्रवाशांना सेवेबाबत आव्हानांचा सामना करावा लागला.' मी उत्तर पाठवलं, नाही. आणखी दोन मजकूर आले. तिन्हींत बस कुठेच नव्हती. शेवटी तो फलकच काढला. त्या जागी आता रिबन कापणाऱ्या मेयरचा फोटो आहे. माझं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलंय म्हणे, मागणी केल्यास ऐकायला मिळेल. मागणी कोण करणार? काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. परवानगी विचारायला प्रशांतला फोन केला तर तो म्हणाला, "वहिनी, आईचं ते टीव्हीचं आता कशाला उकरून काढताय?" भालेराव प्रदर्शनाच्या उद्घाटनाला व्हीलचेअरवरून आले होते. पायोनियर म्हणून त्यांना शाल देण्यात आली. ती त्यांच्या खांद्यांवर मीच घातली, कारण मंडळात सध्या तरुण मेंबर नाहीत आणि मी नाही म्हणू शकले नाही. तेवढं शिकायला मला अजून वेळ लागेलसं दिसतं.

चौदा नंबरचं पुढे काय झालं, ते मात्र चॅनेलच्या कुठल्याच कागदात नाही. माफीनंतर काकू, ग्लोरिया आणि हंसाबेन रोज सकाळी त्या स्टॉपवर उभ्या राहायला लागल्या. कॅमेरा नाही, मंडळ नाही. हंसाबेनच्या दुकानातली वही आणि पेन्सिल. न थांबलेल्या प्रत्येक गाडीची नोंद. एकमेकींची भाषा धड येत नव्हती, पण आकडे इंग्रजीत लिहायचे. त्या वह्या ग्लोरियानं युनियनच्या माणसाकडे नेल्या, त्यानं डेपोत नेल्या, आणि जानेवारी संपता संपता बस थांबायला लागली.

त्या दिवसांतली एक सकाळ मी इमोजेनच्या रेकॉर्डिंगमध्ये सांगितली नाही. नोव्हेंबर असेल, झाडं उघडी पडली होती, तोंडातून वाफ निघत होती. मी काउंटरवरची रजा काढून चालत स्टॉपवर गेले. ग्लोरियाची ड्यूटी होती, हंसाबेन दुकानात. काकू एकट्याच होत्या. मी त्यांना फॉर्मचं सांगितलं. शब्दन् शब्द.

त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. माझ्याकडे वरून खाली बघितलं: लांब राखाडी कोट, बॉबकट, हातात लेदरची पर्स.

"तू पुढं उभी राहा," त्या म्हणाल्या, आणि स्वतः शेल्टरच्या मागं गेल्या.

चौदा नंबर चढावरून आली. मी हात केला, अर्धाच, कोपरापर्यंत. बस थांबली. दार उघडलं, आतली गरम हवा तोंडावर आली. "मॉर्निंग, लव्ह," ड्रायव्हर म्हणाला.

आणि मला बरं वाटलं. माझ्यासाठी थांबली म्हणून. एक क्षणभरच, पण अगदी आतून बरं वाटलं.

काकू मागून आल्या, मला ओलांडून पायरीवर चढल्या आणि ड्रायव्हरच्या तोंडासमोर पास धरला. त्यानं मान दुसरीकडे वळवली. वरच्या पायरीवरून त्या माझ्याकडे वळल्या.

"चल. थांबलीय तोवर चढून घे."

मी चढले. त्या पुढच्या बाकावर खिडकीशी बसल्या आणि शेजारच्या जागेवर आपली पिशवी ठेवली. मी पुढं होऊन क्षणभर थांबले. त्यांनी पिशवी उचलली नाही. मी मागं जाऊन बसले.